पंधरा वर्षांचा भाचा निरीक्षणगृहात आहे. त्याला मामाच्या घरी ठेवता येईल का?

प्रश्न विचारणारे : कोरडवाहू_मामा

नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात राहणारा कास्तकार आहे. गावाचे आणि तालुक्याचे नाव मुद्दाम देत नाही, कारण विषय माझ्या सख्ख्या भाच्याचा आहे आणि तो दहावीत शिकणारा, पंधरा वर्षांचा मुलगा आहे.

माझी बहीण शेजारच्या तालुक्यात दिलेली आहे. तिच्या गावात पावसाळ्यापासून विहिरींवरील मोटारपंपांच्या केबली चोरीला जात होत्या. दिवाळीनंतर एका रात्री नाल्याच्या काठी जाळ दिसला म्हणून गावकरी धावले, तेव्हा दोन मोठी माणसे अंधारात पळाली आणि माझा भाचा जागेवर सापडला. केबलीवरचे रबर जाळून आतले तांबे मोकळे करण्याचे काम त्याच्याकडे होते. कोपरापर्यंत काजळी, शर्टाला त्या रबराचा उग्र वास आणि खिशात शंभराच्या दोन नोटा, अशा अवस्थेत त्याला ठाण्यात नेले. त्याने काहीही नाकारले नाही. पळालेली माणसे दुसऱ्या दिवशी सापडली, त्यांना न्यायालयातून जामीन मिळाला आणि आता ती गावात उजळ माथ्याने हिंडत आहेत; त्यांच्यापैकी एकाचे घर माझ्या बहिणीच्या घरापासून चार घरे सोडून आहे.

मुलाला मात्र बाल न्याय मंडळाने जामीन नाकारला. आदेशात दोन कारणे आहेत. सुटका झाली तर तो पुन्हा त्याच माणसांच्या संगतीत जाण्याची शक्यता आहे, हे एक; आणि घरी देखरेख करणारे कोणी नाही, हे दुसरे. दुसरे कारण परिविक्षा अधिकाऱ्यांच्या, म्हणजे मुलाच्या घरची चौकशी करून मंडळाला कळवणाऱ्या अधिकाऱ्यांच्या, अहवालातून आलेले आहे. त्यात लिहिले आहे की भेटीच्या वेळी घर बंद आढळले, वडील बाहेरगावी आहेत आणि आई दिवसभर घरी नसते. यातील एक शब्दही खोटा नाही. माझे भाऊजी दरवर्षी दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळीबरोबर जातात ते उन्हाळा लागल्यावर परत येतात, आणि बहीण सकाळीच कापूस वेचायला जाते. वेचणीची मजुरी किलोवर मिळते. त्या दिवसांत आमच्या भागातील कोणत्या मजुराचे घर दुपारी उघडे सापडेल, हे मला कोणी सांगावे.

मुलगा सध्या शेजारच्या जिल्ह्यातील निरीक्षणगृहात, म्हणजे अशा मुलांना ठेवतात त्या संस्थेत, आहे. त्याचे काका म्हणतात, "राहू द्या तिथंच, सुदरून येईन." बहिणीला तो घरी हवा आहे, पण घरी आणला तर त्या शेजाऱ्याचे काय, याचे उत्तर तिच्याकडेही नाही. माझे घर तिच्या गावापासून बरेच दूर, दुसऱ्या तालुक्यात आहे. मी आणि माझी पत्नी त्याला आमच्याकडे ठेवण्यास तयार आहोत. जामीन एकदा नाकारल्यानंतर असे काही मागता येते का, आणि त्यापेक्षा महत्त्वाचे म्हणजे ते त्याच्या हिताचे ठरेल का, हे जाणकारांनी सांगावे. त्याची दहावीची परीक्षाही तोंडावर आहे.

---

उत्तर : पांढरं_सोनं

मामा, राग मानू नका, पण मला त्याच्या काकांचे म्हणणे पटते. तिथे वेळेवर जेवण मिळते, वेळेवर उठवतात, मोबाइल नसतो आणि वाईट संगत तुटते. आमच्या गावातील एक मुलगा काही महिने राहून आला आणि आज तो दुधाचा धंदा नीट सांभाळतो आहे. सरकार सांभाळायला तयार असताना आपण अंगावर कशाला घ्यावे?

---

उत्तर : काळा_कोट_वऱ्हाड

मी अमरावती विभागात वकिली करतो आणि बाल न्याय मंडळापुढे नियमित उभा राहतो. सर्वप्रथम, गावाचे नाव दिले नाही हे उत्तम केले. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ प्रमाणे अशा मुलाचे नाव, पत्ता, शाळा किंवा ज्यावरून तो ओळखू येईल असा कोणताही तपशील वर्तमानपत्रात किंवा अन्य कोणत्याही माध्यमात देणे हा गुन्हा आहे; त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. गावच्या व्हॉट्सॲप समूहावर त्या रात्रीचे फोटो फिरत असतील, तर ते टाकणाऱ्यांनाही हे समजावून सांगा.

आता मुख्य मुद्दा. प्रौढ आरोपीच्या जामिनाचे गणित या मुलांना लागू होत नाही. कलम १२ प्रमाणे गुन्हा जामीनपात्र असो वा नसो, मुलाला जामिनावर सोडणे हा नियम आहे आणि न सोडणे हा अपवाद. तो अपवाद तीनच परिस्थितींत चालतो. सुटकेमुळे मूल ज्ञात गुन्हेगाराच्या संगतीत जाण्याची शक्यता असणे, सुटकेमुळे त्याला नैतिक, शारीरिक किंवा मानसिक धोका असणे, किंवा सुटकेने न्यायाचा हेतूच विफल होणार असणे. आणि यांपैकी काय लागू आहे ते मंडळाने कारणांसह लिहिले पाहिजे. तुमच्या प्रकरणात मंडळाने कारण लिहिले आहे आणि खरे सांगायचे तर ते हवेतले नाही. चार घरांवर राहणारा सहआरोपी जामिनावर बाहेर असताना मंडळाने मुलाला त्याच गल्लीत परत पाठवावे, अशी अपेक्षा मीही करणार नाही.

पण त्याच कलमात पुढचा रस्ताही आहे, आणि तो आमचे वकीलबंधूच मागत नाहीत. मुलाला हमीदारासह किंवा हमीदाराशिवाय सोडता येते, परिविक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली ठेवता येते, किंवा एखाद्या 'योग्य व्यक्ती'च्या ताब्यात देता येते. कलम ५२ प्रमाणे मंडळ चौकशी करून अशी व्यक्ती मान्य करू शकते, आणि ती व्यक्ती मामा, मावशी, मोठा भाऊ, कोणीही असू शकते. म्हणजे मुलाला गावाबाहेर ठेवण्याची गरज मंडळाला पटलेली असली, तरी गावाबाहेर म्हणजे निरीक्षणगृहच, असे कायदा कुठेही म्हणत नाही. उलट कलम ३ मधील तत्त्वांत संस्थेत ठेवणे हा वाजवी चौकशीनंतरचा अखेरचा उपाय असल्याचे स्पष्ट लिहिले आहे. बालहक्कांचा आंतरराष्ट्रीय करार भारताने १९९२ मध्ये स्वीकारला, त्याच्या ३७ व्या अनुच्छेदाचेही हेच सांगणे आहे की मुलाचे स्वातंत्र्य काढून घेणे हा शेवटचा उपाय असावा आणि तोही कमीत कमी काळासाठी.

अडचण अशी की मंडळापुढे असलेल्या कागदांत तुमचे घर नाहीच. जे आहे ते एक कुलूप लावलेले घर आहे. परिविक्षा अधिकाऱ्यांनी दोन आठवड्यांत सामाजिक तपासणी अहवाल द्यायचा असतो. त्यांच्याकडे प्रकरणे ढीगभर आणि जिल्हा लांबलचक, त्यामुळे एका भेटीत जे दिसले ते लिहिले जाते. त्यांच्याशी वाद घालून काही हाती लागणार नाही. बदललेली परिस्थिती दाखवून जामिनासाठी नव्याने अर्ज करा आणि त्यात योग्य व्यक्ती म्हणून स्वतःचे नाव द्या. अर्जात "आम्ही मुलाची काळजी घेऊ" एवढेच वाक्य असेल, तर तो कागद फुकट गेला समजा. घरात कोण कोण राहते, मुलगा कुठे झोपणार, दिवसभर घरी किंवा वावरात त्याच्याबरोबर कोण असणार, सहआरोपींच्या गावापासून तुमचे गाव किती लांब आहे आणि तिकडे एसटी दिवसातून किती वेळा जाते, इतके बारीक लिहा. आईवडिलांचे संमतीचे शपथपत्र, तुमचा रहिवासी दाखला व शिधापत्रिका, आणि अभ्यासाची काय सोय आहे याचे एखाद्या शिक्षकाचे पत्र जोडा. परिविक्षा अधिकाऱ्यांना तुमच्या घरी गृहचौकशीसाठी पाठवावे, अशी विनंती त्याच अर्जात करा.

नाकारलेल्या आदेशाविरुद्ध कलम १०१ खाली बाल न्यायालयात, म्हणजे जिल्ह्यातील सत्र न्यायालयात, ३० दिवसांच्या आत अपील करता येते. ती मुदत अर्जाच्या नादात हातची घालवू नका. त्यापुढे नागपूर खंडपीठाचा रस्ता आहे, पण बहुधा तिथवर जावे लागणार नाही. वकिलाचा खर्च परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज द्या. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे मुलांना आणि महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

गुन्ह्याविषयीही थोडे सांगतो. विहिरीवरची केबल चोरणे ही भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ मधील साधी चोरी असेल, तर तिला जास्तीत जास्त तीन वर्षांची शिक्षा आहे, आणि बाल न्याय अधिनियमाच्या भाषेत तो किरकोळ गुन्हा ठरतो. अशी चौकशी मुलाला मंडळापुढे पहिल्यांदा हजर केल्यापासून चार महिन्यांत संपवायची असते, मंडळाला ती फार तर आणखी दोन महिने वाढवता येते, आणि तेवढ्यातही पूर्ण झाली नाही तर किरकोळ गुन्ह्याची कार्यवाही संपुष्टात येते. पोलिसांनी रात्रीची घरफोडी वगैरे जादा कलमे लावली असतील तर वर्गवारी बदलते, म्हणून कागदावर नेमकी कोणती कलमे आहेत ते आधी पाहा.

आणि ती दोन मोठी माणसे. मुलाचा आणि प्रौढांचा खटला कलम २३ प्रमाणे एकत्र चालत नाही, त्यामुळे त्यांचे प्रकरण दुसऱ्या न्यायालयात आपल्या गतीने चालेल. मात्र मुलाला कामाला लावून गुन्हा करवून घेणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. न्याय संहितेच्या कलम ९५ मध्ये त्याला किमान तीन आणि कमाल दहा वर्षांची शिक्षा आहे, आणि बाल न्याय अधिनियमाच्या कलम ८३ मध्ये मुलांना बेकायदा कामात वापरणाऱ्या प्रौढाला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी व पाच लाख रुपये दंड सांगितला आहे. खिशातील दोनशे रुपये कोणी दिले, या एका प्रश्नावर बरेच काही अवलंबून आहे. ही कलमे लावण्यासाठी बहिणीने पोलीस अधीक्षकांकडे लेखी निवेदन द्यावे आणि त्याची पोच घ्यावी.

---

उत्तर : ओलिताची_तीन_एकर

मी दुसऱ्या बाजूचा माणूस आहे, म्हणून लिहितो. आमचे गाव वेगळे, पण माझ्या विहिरीवरची केबल दोनदा गेली. केबलीची किंमत जेवढी असते तेवढेच नुकसान होते, असे शहरातल्या माणसाला वाटते. प्रत्यक्षात हरभरा फुलोऱ्यात असताना पाणी चुकले की उतारा पडतो तो पडतोच. नवी केबल आणायला उधारीवर दुकानदार शोधावा लागतो, आणि वीज रात्रीची असते तेव्हा नवीन केबलीच्या राखणीसाठी थंडीत वावरातच झोपावे लागते. या मुलाच्या गावातील लोकांनी त्याला त्या रात्री मारले नसेल तर ते मोठ्या मनाचे लोक आहेत, असे मी म्हणेन.

त्यामुळे मुलाला इतक्यात गावात आणू नये, हे माझे स्पष्ट मत आहे. त्याच्यासाठीही आणू नये. पुढच्या वेळी कोणाची केबल गेली, तर पहिले बोट त्याच्याकडेच जाणार, तो त्या रात्री घरी झोपलेला असला तरी.

परंतु वकील साहेबांनी मोठ्या माणसांवर लावायच्या ज्या कलमांचा उल्लेख केला त्यांच्याविषयी मला अधिक वाटते. आमच्याकडे तांबे विकत घेणारा कोण आहे, हे सगळ्या गावाला ठाऊक असते. जाळलेले तांबे आणि जुन्या मोटारीचे तांबे यांतील फरक भंगारवाल्याला एका नजरेत कळतो. तरी तो घेतो. तो सुटतो, पळवणारे सुटतात आणि जाळावर बसवलेले पोट्टं तेवढे आत राहते. माझी केबल गेली म्हणून मला त्या मुलाला कोंडून काय मिळणार? मला तो भंगारवाला बंद झालेला पाहिजे. मामांनी मुलाला खुशाल न्यावे, फक्त तो खरोखर मामाकडेच आहे आणि आठवड्याला रात्रीच्या गाडीने गावात येत नाही, एवढी खात्री गावाला कोणीतरी दिली पाहिजे.

---

उत्तर : माजी_काळजीवाहक

विदर्भातील एका निरीक्षणगृहात मी बरीच वर्षे काम केले आणि आता निवृत्त आहे. संस्थेचे नाव सांगत नाही. आमच्याकडे मुले नरकात असतात अशी जी कल्पना आहे ती खरी नाही, आणि तिथे गेले की मुले सुधारतात ही पांढरं_सोनं यांची समजूतही खरी नाही. संस्था मुलाला थांबवते. थांबलेल्या वेळात काय घडते हे माणसांवर, जागेवर आणि त्या महिन्यात सोबत कोण आले आहे यावर अवलंबून असते.

एक गोष्ट घरच्यांच्या लक्षात येत नाही. निरीक्षणगृह ही चौकशी चालू असतानाची तात्पुरती जागा आहे. चौकशीत दोष सिद्ध झाल्यावर मंडळाने ठरवलेच तर ज्या ठिकाणी जास्तीत जास्त तीन वर्षांपर्यंत ठेवता येते ते विशेष गृह वेगळे, आणि सोळा वर्षांवरील मुलांच्या निर्घृण गुन्ह्यांसारख्या प्रकरणांसाठी असलेले सुरक्षित स्थान आणखी वेगळे. त्यामुळे "सुधारून येईल" म्हणून ज्या शिक्षणाची, हाताला कामाची आणि समुपदेशनाची अपेक्षा काका करीत आहेत, त्याला निरीक्षणगृहात मुळात वेळच नसतो. मुलगा कधी जाणार हे त्याला माहीत नसते आणि आम्हालाही नसते. वय, गुन्ह्याचे स्वरूप आणि प्रकृती पाहून मुलांना वेगवेगळे ठेवावे असे कायदा सांगतो. मंजूर पदे रिकामी असतात आणि खोल्या मोजक्या, तेव्हा केबल जाळणारा पंधरा वर्षांचा मुलगा आणि तिसऱ्यांदा आलेला सतरा वर्षांचा मुलगा शेजारी शेजारी पंगतीला बसतात. रात्री दिवे मालवल्यावर ती मुले एकमेकांना काय शिकवतात, ते मी सांगायला नको. गावात त्याला दोन माणसांची संगत होती, इथे त्याला जिल्ह्याची संगत मिळू शकते.

दुसरी गोष्ट अंतराची. भेटीसाठी येणाऱ्या आयांना मी पाहिले आहे. पहाटेची एसटी धरून दोन गाड्या बदलत येतात, रुमालात बांधलेली भाकर आणि ठेचा आणतात, आणि नियमाप्रमाणे बाहेरचे अन्न आत देता येत नाही हे आम्ही त्यांना फाटकावर सांगतो. २०२३ पासून बायांचे एसटीचे तिकीट अर्धे झाले ही चांगलीच गोष्ट आहे, पण वेचणीच्या हंगामात त्या दिवसाची मजुरी पूर्ण बुडते, त्याला सवलत नाही. म्हणून पहिल्या महिन्यात येणारी आई पुढे येईनाशी होते, मुलगा त्याचा अर्थ वेगळाच लावतो, आणि मग मारामारी करतो किंवा भिंतीवरून उडी टाकून पळतो. गडचिरोलीकडच्या माडिया आदिवासी मुलांचे हाल तर आणखी वेगळे. मराठी बेताची, घरून येणारे कोणी नाही, आणि त्यांच्या गप्प बसण्याला आम्ही 'वर्तन समाधानकारक' असा शेरा देत होतो.

इतके सांगून आता उलट बाजूही सांगतो, कारण मामांना फक्त होकार ऐकवणे बरोबर होणार नाही. काही मुलांना घरापेक्षा संस्था बरी असते. बाप दारू पिऊन मारतो, किंवा घरातीलच माणूस चोरीला पाठवतो, अशी मुले आमच्याकडे आली की पहिले आठ दिवस नुसती झोपत असत. सरसकट सगळी मुले घरी सोडा म्हणणाऱ्यांनी ती मुले पाहिलेली नसतात. तुमच्या भाच्याच्या घरात तसे काही दिसत नाही, तेथे गरिबी आहे आणि हंगाम आहे, एवढेच.

मात्र नातेवाइकांकडे दिलेल्या मुलांचेही मी नंतर ऐकले आहे. मामाकडे गेला म्हणून कागदावर नोंद होते आणि पोरगे तिकडे बिनपगारी सालगडी होते. सकाळी शेण, मग गुरे, मग फवारणीचे पाणी, आणि कोणी हटकले की "तुले जेलातून सोडवून आणलं" हे वाक्य. त्या वाक्यासारखे विष नाही. चार दिवसांनी तुमच्या घरातील शंभराची नोट सापडली नाही, तर पहिला संशय कोणाचा येईल, याचा विचार तुम्ही आणि तुमच्या पत्नीने आजच करून ठेवा. तुमच्या घरात मुली आहेत का, त्या काय म्हणतात, हेही विचारा. परिविक्षा अधिकारी विचारणारच आहेत.

---

कोरडवाहू_मामा

सर्वांचे मनापासून आभार. माजी_काळजीवाहक यांचे उत्तर मी पत्नीला वाचून दाखवले. आम्हाला दोन मुली आहेत, एक आठवीत आणि एक पाचवीत. मोठीने विचारले की तो आल्यावर शाळेतील मुलींना काय सांगायचे. ते मला सुचले नव्हते. मुलगा ओसरीवरच्या खोलीत माझ्या वडिलांजवळ झोपेल असे ठरले आहे. वडील थकलेले आहेत, वावरात जात नाहीत, त्यामुळे आमचे घर दिवसा बंद नसते. हे अर्जात लिहीन. केबल गेलेल्या भाऊंना सांगतो की तुमचा राग मला मान्य आहे, आणि बहिणीच्या गावच्या सरपंचांना भेटून तो इकडेच राहणार असल्याचे मी स्वतः सांगेन.

आता दोन गोष्टी राहिल्या. अर्जाचा निकाल लागेपर्यंत परीक्षा आली तर काय करावे? आणि शाळेतून नाव काढून माझ्या गावच्या शाळेत घालावे का? त्याच्या आताच्या शाळेतील एका शिक्षकांनी परस्पर सुचवले आहे की दाखला काढून नेलेला बरा, शाळेचे नाव खराब होते.

---

उत्तर : नवी_चौकट

मी एका जिल्ह्याच्या बाल न्याय मंडळावर समाजकार्य क्षेत्रातील सदस्य म्हणून काम केले आहे. मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन समाजकार्यकर्ते सदस्य असतात, त्यांत किमान एक महिला असते. निर्णय तिघांच्या चर्चेतून होतो, त्यामुळे अर्जाच्या सुनावणीला तुम्ही, पत्नी आणि बहीण तिघेही या. वडील दिवसभर घरी असतात हे तुमचे वाक्य अर्जाच्या पहिल्या परिच्छेदात असू द्या, आणि शक्य झाल्यास वडिलांनाही आणा. आम्ही कागद वाचत असू, पण म्हातारा माणूस "राहीन मी त्याच्याजवळ" म्हणतो तेव्हा त्याचे वजन वेगळे पडते.

मुलगा तुमच्याकडे आला तरी प्रकरण संपत नाही, हे मुलीला आणि शाळेला काय सांगायचे ते ठरवताना लक्षात असू द्या. "परीक्षेच्या अभ्यासासाठी मामाकडे आला आहे" एवढे पुरेसे आहे आणि ते खोटेही नाही. चौकशीत दोष सिद्ध झाला, तरी कलम १८ मध्ये मंडळापुढे बरेच मार्ग असतात. समज देऊन घरी पाठवणे, समुपदेशन, समाजसेवा, पालकांना दंड, किंवा चांगल्या वर्तनाच्या अटीवर पालकांच्या अथवा योग्य व्यक्तीच्या देखरेखीखाली तीन वर्षांपर्यंत सोडणे. विशेष गृह यांतील अगदी टोकाचा पर्याय आहे. या काही महिन्यांत तुमच्याकडे तो कसा राहिला, याचा परिविक्षा अधिकाऱ्यांचा अहवाल त्या वेळी सर्वांत उपयोगी पडतो. म्हणून अधिकारी आले नाहीत, तरी महिन्यातून एकदा तुम्हीच त्याला घेऊन त्यांच्या कार्यालयात जा. ओलिताची_तीन_एकर यांना जी खात्री हवी आहे तीही यातूनच मिळते. मूळ गावात न जाण्याची अट मंडळाने घालावी, असे तुमच्या अर्जातच मागितले तर मंडळाचा पहिला आक्षेप बराचसा गळून पडतो.

दाखल्याच्या बाबतीत मात्र ठाम राहा. दाखला काढू नका. परीक्षेचा अर्ज जुन्या शाळेतून भरला गेला असेल, तर आता शाळा बदलणे म्हणजे एक वर्ष हातचे घालवणे. मुख्याध्यापकांना भेटून फक्त बोनाफाईड प्रमाणपत्र आणि परीक्षेचे वेळापत्रक लेखी घ्या, आणि मुलाची ओळख उघड करण्याविषयीचे कलम ७४ त्यांच्या कानावर घाला. त्याच कलमात असेही आहे की प्रकरण निकाली निघाल्यावर चारित्र्य प्रमाणपत्रासाठी पोलिसांनी मुलाची नोंद उघड करायची नाही. कलम २४ प्रमाणे दोषसिद्धीमुळे त्याला पुढे कोणतीही अपात्रताही चिकटत नाही. शाळेचे नाव खराब होण्याची जी भीती त्या शिक्षकांना वाटते, तिला कायद्यात जागा नाही.

परीक्षेपर्यंत निर्णय झालाच नाही, तर कलम ९८ खाली रजा मागता येते. परीक्षा, जवळच्या नातेवाइकाचे लग्न, घरातील मृत्यू, आईवडिलांचे गंभीर आजारपण अशा कारणांसाठी मुलाला देखरेखीखाली संस्थेबाहेर जाऊ देता येते. ही रजा सामान्यतः एका वेळी सात दिवसांपर्यंत असते आणि प्रवासाचे दिवस त्यात धरत नाहीत. दहावीचे पेपर सात दिवसांत संपत नाहीत, म्हणून वेळापत्रक जोडून प्रत्येक पेपरच्या तारखांसह एकत्रित मागणी करा आणि सोबत कोण असेल ते लिहा. हा अर्ज हॉलतिकीट येईपर्यंत थांबवू नका. मंडळाच्या बैठकीचे वार विचारून तो आताच जामिनाच्या अर्जाबरोबर द्या. पुस्तके व मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका निरीक्षणगृहाच्या अधीक्षकांकडे या आठवड्यातच पोचत्या करा. खाण्याचा डबा फाटकावर अडतो, पुस्तके अडवायचे काही कारण नाही, आणि कोणी अडवलीच तर मंडळाच्या मासिक भेटीत ती गोष्ट सदस्यांच्या कानावर घाला.